अस्सल बरहुकूम

अमरावतीत कोणाच्या घरी जुना कागद निघाला, की त्याला दोनच वाटा असत. एक वाण्याकडे पुडी बांधायला, दुसरी मोरोपंतांकडे वाचायला. वाणी कागद तराजूत टाकून लगेच हातावर पैसे ठेवी. मोरोपंत तो उजेडाला धरीत, हुंगत, पाठीवरून अंगठा फिरवीत आणि तासाभराने म्हणत, "जपून ठेवा. किंमत काही नाही." लोक हुशार, बहुतेक कागद वाण्याकडे जात.

तरी मोडी वाचणारा माणूस म्हणून पंतांचा लौकिक चार तालुक्यांत होता. तीस वर्षे दप्तरखान्यातली धूळ खाऊन ते निवृत्त झाले होते आणि आता अंबागेटच्या आत, आपल्या ओसरीवर भिंग घेऊन बसत. अस्सल कोणता आणि नक्कल कोणती हे आपण डोळे मिटून सांगतो, असे ते म्हणत. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई म्हणत, "मिटूनच सांगत असतील. उघडे असताना यांना चष्मा सापडत नाही."

१९६३ सालच्या आषाढात या ओसरीवर खुशालराव आले. दर्यापूरकडच्या बोरखेडीचे सत्तरीचे शेतकरी. बगलेत लाल रेशमी रुमालाचे गाठोडे, आणि ते असे धरलेले, की आत नातू निजला असावा.

"पंत," गाठोडे पुढे ठेवत ते म्हणाले, "हा आमचा मान हाये. पाहून द्या बरं."

मान होता पोळ्याचा. बोरखेडीत पोळ्याला गावाबाहेरच्या मोकळ्या आखरावर आंब्याच्या पानांचे तोरण बांधत आणि त्याच्याखालून पहिली जोडी खुशालरावांची जाई. त्यांच्या बापाची गेली, आज्याची गेली, मग बाकीच्या गावाची. गेल्या पोळ्याला मात्र त्यांचे भाऊबंद नत्थुजी आपली जोडी घेऊन मध्ये घुसले. सरकारने पाटीलकी काढली, आता मान कोणाच्या बापाचा, असा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा काठीने मांडला गेल्यामुळे दोन्हीकडची डोकी फुटली, आणि तालुक्याच्या साहेबांनी दोघांना कळवले: मानाचा अस्सल कागद मोरोपंतांकडून पारखून पोळ्याआधी हजर करावा. ज्याच्या बाजूने कागद, त्याचा मान.

"पाटीलकी गेली, जाऊ द्या," खुशालराव म्हणाले. "वसुलीचा ताप गेला. पन पोळ्याचा मान गेला तं मी गावात तोंड कसं दाखवू? माहा चांद्या अकरा वर्सं पयला गेला. त्याले काय सांगू?"

चांद्या हा त्यांचा बैल.

पंतांनी रुमाल सोडला. आत हळदीकुंकवाने माखलेला कागद, दर दसऱ्याला पुजलेला. वरच्या बाजूला सुपारीएवढ्या अक्षरांत शब्द होता: अस्सल. त्याच्याखाली, जागा संपत आल्यावर माणूस जसा अंग चोरून लिहितो तसे, मुंगीएवढे: बरहुकूम नक्कल.

खाली बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, एका महजराचा मजकूर होता. महजर म्हणजे गावाने आणि गोताने एकत्र बसून केलेला जुना निवाडा. पंतांनी तो वाचायला घेतला. निवाडा सरळ होता: दोघे भाऊ भांडले, पंचांनी समजावले, आणि ठरले असे की, 'पोळ्याचा पहिला मान थोरले ... यांचे वंशी चालावा.' थोरले कोण? तिथे शाईचा एक भलामोठा डाग होता, आणि डागाच्या उजवीकडून 'जी' एवढेच अक्षर बाहेर डोकावत होते.

"आमचा मूळपुरुस डोमाजी," खुशालराव म्हणाले. "नत्थ्याचा राणोजी."

दोघेही 'जी'. पंतांनी भिंग लावले. डाग भिंगातून मोठा दिसला, एवढाच फरक पडला.

प्रमोदिनीबाई चहा घेऊन आल्या आणि खांद्यावरून डोकावल्या. "अहो, हे तर तुमचंच अक्षर! हा बोक्याच्या शेपटीसारखा ज. लग्नाआधीची तुमची तिन्ही पत्रं आहेत माझ्याकडे."

पंतांनी कप न उचलताच तो ज पुन्हा भिंगाखाली घेतला.

एकवीस साल. अकोला, जुने शहर. वकील बापूसाहेबांकडे बावीस वर्षांचा मोरू लेखनिक होता. बोरखेडीच्या भाऊबंदांचे तेव्हाही काहीतरी बिनसले होते आणि बापूसाहेबांनी तोड काढली: महजराची एकेक नक्कल प्रत्येकाच्या घरी असू द्या. घरे बारा. बारा वेळा लिहिण्यापेक्षा शेजारच्या शिळाछापखान्यात छापून घ्या. म्हणजे एकदा खास शाईने लिहायचे, ते दगडावर उतरवायचे आणि दगडावरून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. मोरूने मोडीचे बाळबोध केले. मथळ्याला 'अस्सल बरहुकूम नक्कल', म्हणजे मुळाशी तंतोतंत जुळणारी नक्कल, असे लिहायचे होते. पहिला शब्द ऐटीत काढला, पुढच्या दोन शब्दांना जागा उरली नाही. आणि नावाच्या जागी टाक झटकला गेला. बारा प्रती छापून झाल्यावर डाग दिसला. बापूसाहेब म्हणाले, "असू दे रे. अस्सल कागद त्यांच्या घरात आहे. अडलं तर तो पाहतील."

"खुशालराव," पंत म्हणाले, "ही नक्कल आहे. छापील. मूळ मोडी कागद कुठं आहे?"

"हाच मूळ."

"याच्या आधीचा. हाताने लिहिलेला."

"तो व्हय!" खुशालराव हसले. "पेटीत दोन कागद व्हते. एक फाटका, मुंग्या चालल्यावानी, कोनाले वाचता ये ना. अन् एक हा. मी चवथी शिकेल हावो, पंत. याच्यावर सोताहून लिवलं हाये, अस्सल. मंग दुसरा कायले ठेवाचा?"

"मग केला काय त्याचा?"

"टोपलीले लावला."

"केराच्या टोपलीत टाकला?"

"टोपलीत नाई, पंत. टोपलीले. बारा वर्सं झाली. पोराच्या लग्नात पोया ठेवाले टोपली पायजे व्हती. माह्या बायकोनं, दुर्गाबाईनं, कागद भिजवला, मेथी कुटून घातली, अन् थापली बांबूच्या टोपलीवर. अजून एक भोक नाई पडलं तिले."

पंतांनी कागदाच्या भल्याबुऱ्या अनेक गती पाहिल्या होत्या: वाळवी, उंदीर, वारसदार. मेथी ही नवीन होती.

तेवढ्यात पायऱ्यांवर खोकला ऐकू आला. नत्थुजी. उंच, काटक, कपाळावर गेल्या पोळ्याचा व्रण. त्यांच्याही बगलेत लाल रुमाल.

"माहा बी अस्सल हाये," त्यांनी नमस्काराआधीच सांगितले.

पंतांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. एकाच जागी दोन कागदांवर डाग पडला तर तो योगायोग म्हणता येतो. त्या डागाला एकाच दिशेला शेपूटही फुटली असेल, तर तो छापखाना. दोन्ही डागांना ईशान्येकडे शेपूट होती.

"तुले कसं समजलं बे, अस्सल हाये म्हनून?" खुशालराव उसळले. "तुले वाचता येते का?"

"नाई येत म्हनून तं जपून ठेवला," नत्थुजी म्हणाले. "तुले येते, म्हनून तुनं टोपलीले लावला."

पंतांनी दोन्ही कागद रुमालांत बांधून ज्याचे त्याला दिले.

पहिली आशा कच्च्या खर्ड्याची होती. मोडीवरून बाळबोध करताना पंतांनी एक खर्डा केला होता. त्यावर तरी डाग नसेल. दुसऱ्या दिवशी खुशालरावांना घेऊन ते एसटीने अकोल्याला गेले, मोर्णेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरले. बापूसाहेबांना जाऊन वीस वर्षे झाली होती. सूनबाई कुंदाताईंनी दोघांना बसवले, पाणी दिले.

"मामंजींचं दप्तर?" त्या म्हणाल्या. "ते त्यांच्या वर्षश्राद्धाच्या वेळी रद्दीत घातलं. वाण्यानं श्राद्धाचं सामान त्याच्याच पुड्यांत बांधून दिलं. सत्पात्री लागलं म्हणायचं."

"आणि शेजारचा छापखाना?"

"बंद पडला. एक दगड मी आणलाय. कपडे काय सुरेख निघतात हो त्याच्यावर!"

पंत न्हाणीघरात गुडघ्यांवर बसले. साबण खरवडून त्यांनी दगडाला भिंग लावले. उलटी अक्षरे अंधुक दिसली. मग ती सुलटी करून वाचली. कोणाच्या तरी मुंजीचे आमंत्रण होते. दगड घासून पुढचे काम छापलेले. बाहेर येताना धोतराचा सोगा ओला झाला होता आणि कुंदाताई विचारत होत्या, दगडाला किंमत येईल का.

परतीच्या गाडीत खुशालराव पंतांशेजारी बसले. मूर्तिजापूर मागे पडल्यावर म्हणाले, "पंत, तो मोडी कागद तुमी डोयानं पाह्यला ना?"

"पाहिला."

"मंग म्हनून टाका ना, डोमाजी व्हतं म्हनून. तुमाले कोन विचारते?"

"मला आठवत नाही, खुशालराव."

"आठवत नाई तेच बरं. आठवत असतं तं एकच नाव घ्या लागलं असतं."

पंतांनी डोळे मिटले. त्या दिवशी खानावळीत वांग्याची भाजी होती, हे आठवत होते. तिच्यात मीठ जास्त होते. चपलेचा अंगठा तुटला होता. बापूसाहेबांच्या कोटाला दुसरे बटण नव्हते. सगळे जसेच्या तसे, आणि मध्ये नावाच्या जागी डाग. नक्कल करणाऱ्याने जन्मभर पदरचे एक अक्षर घातले नव्हते. आता घालायचे तर नेमकी दोन घालावी लागणार होती.

"तुमच्यासारख्या मानसाले खोटं बोलाले सांगून रायलो," खुशालराव हळूच म्हणाले. "सत्तर वर्साचा झालो. लाज वाटते. पन काय करू?"

राहिली टोपली. बोरखेडीला दुर्गाबाईंनी ती पदराने पुसून पुढे ठेवली. घाटदार, आतून तुकतुकीत.

"चांगली चार पायल्या जवारी राह्यते," त्या कौतुकाने म्हणाल्या. "कागदच दमदार व्हता, पंत. आताचे कागद कुठी असे?"

हा कागदाविषयी पंतांनी ऐकलेला सर्वांत अचूक अभिप्राय होता. जुन्नरी कागद, घोटलेला, काजळाच्या शाईचा. बारा वर्षे मेथीत राहूनही शाई जिथल्या तिथे काळी होती. बराचसा लगदा झाला होता, पण वरून डकवलेले काही तुकडे धड होते. इथे अर्धा शिक्का. तिथे 'पंच'. आणि काठाखाली 'यांचे वंशी'. त्याच्या आधी 'जी'. त्याच्याही आधी एका अक्षराचा काना, आणि तिथे दुर्गाबाईंनी दुसरा तुकडा चिकटवला होता.

"काना दिसतो!" खुशालराव वाकले. "डोमाजीत काना हाये! 'मा'ले काना हाये ना?"

"आहे," पंत म्हणाले. "राणोजीतल्या 'णो'लाही आहे."

"तो वरचा तुकडा काढून टाकू. पान्यात भिजवू जरासा."

"भिजवलं तर दोन्ही तुकडे जातील."

दुर्गाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. "मले कोनी सांगतलं असतं," त्या म्हणाल्या, "तं मी दुसरा कागद लावला असता वो. घरात कागदाले का तोटा व्हता?"

पंतांनी टोपली हळूच खाली ठेवली. लावायला हवा होता तो दुसरा कागद पंतांच्याच हातचा होता, आणि तो न लावण्याचे कारणही पंतांच्याच हातचे होते.

श्रावण लागल्यावर कचेरीत सुनावणी झाली. साहेब तरुण होते, पुण्याकडचे, प्रत्येक शब्द इस्त्री करून बोलणारे. आजवर त्यांनी कागद टोपलीत गेलेले पाहिले होते. कागदाचीच टोपली होऊन समोर आलेली ही पहिली.

"हे काय आहे?"

"महजर," पंत म्हणाले.

"ही टोपली आहे."

"होय. अस्सल."

साहेबांनी दोन्ही छापील कागद पाहिले. "या प्रती कोणी लिहिल्या?"

"मी."

"हा डाग?"

"माझाच."

"आणि पारखून कोणी सांगायचं?"

"आपल्याच हुकुमाने, मी."

"म्हणजे चूक करणारे, चूक ओळखणारे आणि चुकीची किंमत ठरवणारे, तिन्ही आपणच," साहेब म्हणाले. "सोय आहे. आता एवढं सांगा, मूळ कागदात नाव कोणाचं होतं?"

खुशालराव पंतांकडे पाहत होते. हात जोडले नव्हते, डोळा घातला नव्हता. चांद्या चाऱ्याकडे पाहतो तसे नुसते पाहत होते. नत्थुजीही पाहत होते. पंतांच्या जिभेवर 'डो' आला. पाठोपाठ 'रा'ही आला.

"आठवत नाही," ते म्हणाले.

साहेबांनी हुकूम सांगितला आणि कारकुनाने उतरवून घेतला. सदर टोपली वाचून पाहता तीत 'जी' याखेरीज निर्णायक मजकूर आढळत नाही. टोपली तपासणीसाठी वर पाठवावी. तोवर मान सरकारजमा; यंदा पोळ्याला पहिली जोडी सरकारची जाईल. उभय पक्षांनी या हुकुमाची नक्कल पुढील पोळ्याआधी हजर करावी. जो हजर करणार नाही, त्याचा दावा संपला.

"सायेब," खुशालरावांनी विचारले, "सरकारजवळ बैल हायेत का?"

"कोंडवाड्यात पाहा," साहेब म्हणाले.

दोन नकला करायचे काम अर्थात पंतांकडेच आले. रात्री दिव्याशी नव्हे, चांगल्या दिवसाउजेडी, खिडकीशी बसून त्यांनी त्या केल्या. शाई स्वतः काजळाची घोटली, पाण्यात पडली तरी हलणार नाही अशी. टाक दर ओळीला पुसला. आणि बेचाळीस वर्षांपूर्वीचे पाप फेडावे म्हणून मथळा लिंबाएवढ्या अक्षरांत काढला: नक्कल. या कागदाला आता कोणाच्या बापाने अस्सल म्हटले नसते.

"छान आलंय," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आंधळ्यालाही वाचता येईल."

पंतांना त्या महिन्यात पहिल्यांदा बरे वाटले.

पोळ्याला खुशालरावांनी त्यांना आग्रहाने नेले. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे लोणीहळदीने मळून झाले होते. चांद्याच्या शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. आखरावर तोरण बांधलेले. सरकारच्या बाजूने कोतवाल मोतीराम कोंडवाड्यातली दोन बेवारशी जनावरे घेऊन आला. त्यातले एक डफडे ऐकताच सुटून पळाले. उरला एक शिंगमोडका. तो तोरणाच्या बरोबर खाली आला, गावाकडे एकवार पाहिले आणि बसला.

मोतीरामने शेपूट पिरगाळली. बैल रवंथ करू लागला. मागे गावाच्या चाळीस जोड्या उभ्या. सरकारला ओलांडायची कोणाची छाती होईना. ओळीतून कोणीतरी पोळ्याची चिमटा काढणारी झडती म्हटली:

"कागद भिजला मेथीत, टोपली वाळली उनात,
मान गेला कचेरीत, उरला फक्त मनात!"

लोक हसले. चांद्या मात्र डफडे वाजताच सवयीने पुढे निघाला. खुशालरावांनी कासरा ओढला. त्याने मान वळवून धन्याकडे पाहिले आणि पुन्हा पाऊल टाकले. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा त्याने पाऊल टाकले नाही.

"पंत," खुशालराव म्हणाले, "याले तेवढा हुकूम वाचून दाखवा."

दिवेलागणीला शिंगमोडका आपण होऊन उठला आणि तोरणाखालून न जाता बाजूने कोंडवाड्याकडे परतला. "गेलं सरकार!" मोतीराम ओरडला, आणि सगळ्या जोड्या एकदम घुसल्या. पहिले कोण गेले ते धुळीत कोणालाच दिसले नाही.

रात्री जेवायला पंत खुशालरावांच्या पंगतीला बसले. पलीकडच्या ओट्यावर नत्थुजींच्या घरात दिवा दिसत होता. देवघरात हुकुमाची नक्कल ठेवून तिला हळदीकुंकू वाहिले होते म्हणे. काय लिहिले आहे ते त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून जपून ठेवली होती.

दुर्गाबाई पुरणाच्या पोळ्या घेऊन आल्या. पंतांची नजर टोपलीवर गेली. नवी होती.

"जुनी सायेबानं नेली ना," त्या म्हणाल्या. "पोयाले टोपली तं पायजे. परवाच थापली. मेथी चांगली मुरली, नाई?"

पंतांनी मान तिरपी केली. टोपलीच्या पोटावर, लिंबाएवढ्या अक्षरात, अर्धा 'न' आणि त्याच्याखाली आडवा पडलेला 'ल' होता.

"या टायमाले काई घोटाया नाई केला, पंत," खुशालराव तूप वाढत म्हणाले. "आधी नीट वाचून पाह्यलं. तुमी लिवलंच व्हतं ना मोठ्यानं, नक्कल म्हनून. तवाच देल्ला तिले."

पंतांनी पलीकडच्या दिव्याकडे पाहिले. मग ताटाकडे.

"घ्या ना, पंत," दुर्गाबाई म्हणाल्या. "काऊन थांबले?"

त्यांनी पोळी घेतली. गरम होती. शाई कुठेच फुटली नव्हती.